टाकीत पडण्याआधीचा आवाज

संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालमधल्या एखाद्या घरात रात्री लॅपटॉपवर वऱ्हाडी कविसंमेलनाचे थेट प्रक्षेपण चालू असते. कवी रंगात आलेला असतो आणि कार्यक्रम पुन्हा ऐकायला मिळेल याची शाश्वती नसते. म्हणून कुणीतरी मोबाईलचा रेकॉर्डर सुरू करून फोन स्पीकरपुढे ठेवते. नंतर ऐकायला घेतले की कवितेच्या जोडीला पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या आणि रस्त्याने गेलेला ट्रॅक्टरही ऐकू येतो. पुढच्या खेपेला संगणकातच रेकॉर्डिंग करणारे सॉफ्टवेअर घातले जाते. आता पंखा आणि ट्रॅक्टर जातात, पण ऐन ओळीवर व्हॉट्सॲपची टिंग वाजते आणि दुसऱ्या टॅबमध्ये आपोआप सुरू झालेली जाहिरात कवितेवर चढून बसते.

तिसरी एक रीत आहे. तिच्यात फक्त त्या एका टॅबचा आवाज येतो. टिंग नाही, जाहिरात नाही, आणि लॅपटॉपचा स्पीकर अगदी बंद ठेवला तरी रेकॉर्डिंग ठणठणीत होते. एकाच स्पीकरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजांपैकी कोणता कुणाचा, हे संगणकाला कसे कळते? खरे तर स्पीकरपाशी पोचल्यावर त्यालाही कळत नाही. तो आवाज त्याआधीच, वाटेत धरावा लागतो.

हवेत येण्याआधी आवाज आकड्यांचा असतो

हवेतला आवाज म्हणजे दाबाची लाट. मायक्रोफोन त्या लाटेचे विजेत रूपांतर करतो आणि संगणक ठराविक वेळाने तिची उंची मोजून आकडा टिपतो. अशी प्रत्येक नोंद म्हणजे एक नमुना. इंटरनेटवरच्या ध्वनीत बहुधा सेकंदाला ४८,००० नमुने घेतलेले असतात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीत ते ४४,१०० होते. एवढे का, याचे उत्तर आपल्या कानात आहे. तरुण निरोगी कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि एखादे कंपन आकड्यांत नीट पकडायचे तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावे लागते. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेल्या गणिताचा हा निष्कर्ष. प्रत्येक नमुन्याला १६ बिट दिले तर उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात.

थेट प्रक्षेपण आपल्या घरी येते ते या आकड्यांच्या दाबून लहान केलेल्या पुड्यांमधून. ब्राउझर त्या उघडतो, आकडे पुन्हा पूर्ववत मांडतो आणि ते आकडे स्पीकरकडे निघतात. कवीचा आवाज आपल्या खोलीच्या हवेत येतो तो अगदी शेवटच्या टप्प्यावर. स्पीकरपुढे फोन ठेवणारा माणूस आकड्यांचा आवाज होऊ देतो आणि मग त्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. लहान स्पीकरचा चिरका स्वभाव, भिंतीवरून परतलेला नाद आणि खोलीतली सगळी वर्दळ या फेऱ्यात मिसळते. शिवाय फोनमधली काही रेकॉर्डर ॲप माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली असतात. 'गोंगाट कमी करा' हे काम ती इतक्या तत्परतेने करतात की पेटीचा लांबलेला सूरही त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तो खाऊन टाकतात.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणासाठी शंभरेक वर्षांपूर्वी ग्रामोफोनच्या तबकड्या मुद्रित झाल्या, तेव्हा वाटेत आवाज धरण्याची काही सोयच नव्हती. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास आले. त्याआधी कर्ण्यापुढे उभे राहून मोठ्याने बोलायचे आणि कर्ण्यात जे शिरेल ते तबकडीवर उमटायचे. त्यातल्या बऱ्याच तबकड्या आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात कुणालाही ऐकता येतात. स्पीकरपुढे धरलेला फोन अजून त्याच कर्ण्याच्या जमान्यात आहे.

मिसळण म्हणजे साधी बेरीज

आता व्हॉट्सॲपच्या टिंगकडे येऊ. संगणकात एकाच वेळी कितीतरी कार्यक्रम आवाज काढत असतात, पण स्पीकरची जोडी एकच. म्हणून कार्यप्रणालीत एक मिसळणारा असतो, त्याला मिक्सर म्हणतात. विंडोजमध्ये प्रत्येक ॲपची आवाजपट्टी वेगळी दिसते, ती याच मिक्सरची. २००७च्या विंडोज व्हिस्टापासून ती सोय आहे.

मिक्सर करतो काय? बेरीज. एका क्षणी कवितेचा आकडा १,२०० आहे आणि टिंगचा उणे ३००, तर स्पीकरला जातो ९००. पुढच्या क्षणी नवे आकडे, नवी बेरीज, असे सेकंदाला ४८,००० वेळा. हातात ९०० आल्यावर ते १,२०० आणि उणे ३०० मिळून झाले की ५०० आणि ४००, हे त्या आकड्यावर कुठेही लिहिलेले नसते.

संग्रामपूर तालुक्यातल्या माणसाला हे पाण्यावरून लगेच उमगेल. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. बोअरचे पाणी खारे आणि वान धरणावरून नळाला येणारे पाणी गोडे. दोन्ही पाइप छतावरच्या एकाच टाकीत सोडले तर खालच्या तोटीतून काय येणार, हे घरातली लहान पोरेही सांगतील. टाकीतून गोडे पाणी पुन्हा वेगळे काढायचे तर यंत्र लावावे लागते आणि तरी चव राहतेच. पण नळाचा पाइप टाकीत पडण्याआधी त्याला एक 'टी' बसवली आणि तिथून घागर भरली, तर घागरीत निव्वळ गोडे पाणी येते. टाकीत किती खारे पडते याच्याशी त्या घागरीचा काही संबंध उरत नाही.

संगणकाच्या सगळ्या आवाजाचे रेकॉर्डिंग म्हणजे टाकीच्या तोटीखाली घागर धरणे. टॅबचे रेकॉर्डिंग म्हणजे पाइपवरची टी. आता मिसळलेल्या ध्वनीतून गाणे आणि वाद्ये वेगळी काढणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत आणि ती थक्क करणारे काम करतात. पण ती मूळ आकडे परत आणत नाहीत, ते कसे असतील याचा अंदाज बांधतात. वऱ्हाडी बोलीतला एखादा हेल किंवा ओवीतला कापरा सूर जपायचा असेल, तर अंदाजावर विसंबू नये असे मला वाटते.

ब्राउझर टॅब वेगळे का ठेवतो

टी बसवायची तर आधी पाइप वेगळे हवेत. ब्राउझरमध्ये ते वेगळे झाले, पण रेकॉर्डिंगसाठी नव्हे.

जुन्या ब्राउझरांत सगळी पाने एकाच प्रक्रियेत चालत. प्रक्रिया म्हणजे संगणकाच्या स्मृतीत स्वतंत्र जागा घेऊन चालणारे काम. एक पान अडकले की सगळा ब्राउझर गोठायचा. २००८ साली आलेल्या क्रोमने पानांना वेगवेगळ्या प्रक्रियांत बसवले. त्यामुळे एक पान कोसळले तरी बाकीची शाबूत राहू लागली आणि एका पानाला दुसऱ्या पानाच्या स्मृतीत डोकावणे अवघड झाले. स्थैर्य आणि सुरक्षितता यांसाठी घातलेली ही कुंपणे ध्वनीलाही लागू पडली. प्रत्येक पानाचे आकडे स्वतंत्र प्रवाहाने ब्राउझरच्या ध्वनी-विभागाकडे येतात आणि कोणता प्रवाह कोणत्या टॅबचा, याची नोंद तिथे असते. टॅबच्या नावाशेजारी दिसणारे लहानसे स्पीकरचे चिन्ह याच नोंदीतून येते. क्रोममध्ये ते २०१४च्या सुरुवातीला आले. कोणता टॅब बोलतो आहे हे ब्राउझरला माहीत असते, म्हणूनच तो एकच टॅब गप्पही करता येतो.

टॅबचे रेकॉर्डिंग सुरू झाले की ब्राउझर त्या प्रवाहातल्या आकड्यांची एक प्रत रेकॉर्डरकडे देतो. मूळ प्रवाह मिक्सरकडे जातच राहतो. यामुळेच लॅपटॉपचा आवाज शून्यावर नेला तरी रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही, कारण ती पट्टी टीच्या पुढे आहे. पण व्हिडिओच्या पानावर असलेली स्वतःची आवाजपट्टी टीच्या मागे आहे. ती अर्ध्यावर असेल तर रेकॉर्डिंगही दबक्या आवाजात होते. तेव्हा पानावरची पट्टी पूर्ण ठेवावी आणि रात्री घरचे झोपले असतील तर लॅपटॉपचा आवाज कमी करावा.

क्रोमच्या एक्स्टेंशनांत, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पूरक साधनांत, एक गंमत दिसते. काही एक्स्टेंशन सुरू करताच टॅब एकदम मुका होतो आणि आपल्याला वाटते प्रक्षेपण तुटले. तिथे प्रत जात नाही, सगळा प्रवाहच एक्स्टेंशनकडे वळतो, आणि तो स्पीकरकडे परत सोडण्याचे काम एक्स्टेंशन बनवणाऱ्याचे असते. त्याने ते केले नसेल तर ऐकू काही येत नाही, पण फाईल मात्र भरत असते.

परवानगीची खिडकी

एखाद्या संकेतस्थळाला दुसऱ्या टॅबचा आवाज मुकाट्याने ऐकता आला असता तर? शेजारच्या टॅबमध्ये डॉक्टरांशी बोलणे चालले असेल, किंवा पुण्यातल्या मुलीशी घरचा विषय. म्हणून इथे ब्राउझर फार काटेकोर असतो. पानाने मागणी केली की एक खिडकी उघडते आणि तिच्यात टॅब, विंडो किंवा पूर्ण स्क्रीन असे पर्याय येतात. निवड आपणच करायची, आणि तीही दर वेळी. कॅमेऱ्याची परवानगी एकदा दिली की लक्षात राहते, तसे इथे होत नाही. पान सुरक्षित जोडणीवरचे असावे लागते आणि मागणीही आपण कुठेतरी क्लिक केल्यावरच करता येते. रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत ब्राउझर तशी सूचना समोर ठेवतो.

या खिडकीत बहुतेकांचा घोळ होतो. 'टॅब' निवडल्यावर 'टॅबचा आवाजही शेअर करा' असे बटण दिसते. ते बंद राहिले तर चित्र येते, आवाज येत नाही. विंडोजवर 'पूर्ण स्क्रीन' निवडली तर आवाज मिळतो, पण तो टाकीतला, टिंगसकट. 'विंडो' निवडली तर बहुधा आवाजच मिळत नाही. क्रोम आणि त्याच गाभ्यावर बांधलेला एज यांच्यात टॅबचा आवाज पकडता येतो. फायरफॉक्स आणि सफारी यांनी ही सोय दीर्घकाळ दिलेली नाही. मोबाईलवरच्या क्रोममध्येही ती नाही, त्यासाठी संगणक लागतो.

ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना आणखी एक प्रश्न पडतो. नव्या विंडोजवर त्यात एकाच ॲपचा आवाज घेण्याची सोय आहे, मग एकाच टॅबचा का येत नाही? कारण विंडोजला टॅब दिसत नाहीत. त्याच्या लेखी सगळा क्रोम मिळून एक ॲप. टॅबांचा हिशेब ब्राउझरच्या आत संपतो. यावर सोपा उपाय असा, की हवे ते पान एकटेच दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावे आणि ओबीएसमध्ये त्या ब्राउझरचा आवाज निवडावा. फायरफॉक्सवरही हे चालते.

कॉलवर आजी बोलते तेव्हा

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रसंग हा. नातू नोकरीला बाहेर आहे, आजी वरवट बकालला. तो व्हिडिओ कॉलवर तिला पेरणीच्या, दिंडीच्या, दुष्काळाच्या गोष्टी विचारतो आणि टॅबचे रेकॉर्डिंग लावतो. नंतर ऐकताना आजी स्पष्ट ऐकू येते, पण नातवाचा एकही प्रश्न नसतो. आजी जणू स्वतःशीच बोलते आहे.

यात बिघाड काहीच नाही. टॅब जो आवाज वाजवतो तो टीतून येतो. नातवाचा आवाज त्याच्या मायक्रोफोनमधून थेट पलीकडे जातो. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकवला जात नाही, म्हणून तो टॅबमधून वाजतच नाही. दोघेही हवे असतील तर रेकॉर्डरमध्ये टॅबबरोबर मायक्रोफोनही घ्यावा लागतो. आणि त्या वेळी हेडफोन घालणे गरजेचे असते. नाही तर आजीचा आवाज एकदा टॅबमधून आणि दुसऱ्यांदा स्पीकरमधून मायक्रोफोनमध्ये, किंचित उशिराने, असा दोनदा येतो आणि बोलणे विहिरीतून आल्यासारखे घुमते. जमल्यास दोन्ही आवाज वेगवेगळ्या फाईलींत ठेवावेत, मग नातवाचा खोकला आजीच्या वाक्यावर पडला तरी तो काढता येतो. आजीला रेकॉर्डिंगचे आधी सांगायचे, हे वेगळे सांगायला नको.

फाईल किती मोठी, आणि पुढे सरकत का नाही

सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकाचे २ बाइट, डावा-उजवा असे २ भाग. हा गुणाकार सेकंदाला १,९२,००० बाइट, म्हणजे मिनिटाला साडेअकरा एमबी आणि तासाला ७०० एमबीच्या आसपास जातो. ब्राउझर हे तसेच साठवत नाही. तो बहुधा ओपस या पद्धतीने आकडे दाबतो. २०१२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत मुक्त आहे आणि कानाला जे जाणवणार नाही ते वगळून जागा वाचवते. सेकंदाला १२८ किलोबिट दिले तर संगीतही चांगले राहते आणि तासाची फाईल ५८ एमबीच्या आत बसते. नुसत्या बोलण्याला याच्या पाव भागातही भागते.

ही फाईल वेबएम नावाच्या वेष्टनात येते आणि तिच्यात एक खोड असते. ती वाजते, पण एकूण लांबी दिसत नाही आणि पट्टी ओढून मधल्या भागावर जाता येत नाही. अनेकांना वाटते फाईल बिघडली. प्रत्यक्षात ब्राउझर आवाज येईल तसा लिहीत जातो. फाईलचे पहिले पान लिहिताना कार्यक्रम किती वेळ चालणार हे त्याला माहीत नसते, आणि शेवटी मागे जाऊन तो ती लांबी भरत नाही. एफएफएमपेग या मोफत साधनातून फाईल आवाजाला हात न लावता नुसती नव्या वेष्टनात घातली की दुरुस्त होते. एमपी३ करायची घाई मात्र करू नये. एकदा दाबलेला आवाज दुसऱ्या पद्धतीने पुन्हा दाबला की थोडा आणखी झिजतो.

नेट अडखळून प्रक्षेपण मध्येच थांबले तर तेवढी शांतताही रेकॉर्ड होते. टीमधून पाइपात आहे तेच येणार.

रेकॉर्डिंगला बसण्याआधी

*पानावर मूळ फाईल उतरवून घेण्याची सोय आहे का ते आधी पाहा; असेल तर रेकॉर्डिंग करू नका, मूळ प्रत नेहमी सरस. पानावरची आवाजपट्टी पूर्ण ठेवा. टॅब निवडून आवाजाचे बटण सुरू करा. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐका, मगच पूर्ण कार्यक्रमाला लागा. लॅपटॉप चार्जरला लावा आणि तो झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा.*

काय जपायचे, कुणाला विचारून

वरवट बकालच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या काही गावांत निहाली बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार. कोणत्याही ज्ञात भाषाकुळात ती बसत नाही. फ्रान्सिस्कुस कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि अलीकडे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना, शैलेंद्र मोहन यांनी तिचे ध्वनिमुद्रण करून ते संकटग्रस्त भाषांच्या एका आंतरराष्ट्रीय संग्रहात ठेवले. आपल्या तालुक्याच्या डोंगरातले बोलणे आज ब्राउझरच्या टॅबमधून ऐकता येऊ शकते, याचा मला मनापासून आनंद होतो. पण अशा संग्रहांत नोंदणी करावी लागते आणि काही ध्वनिमुद्रणे बोलणाऱ्यांच्या इच्छेनुसार मर्यादित ठेवलेली असतात. टॅबचे रेकॉर्डिंग करून ती मर्यादा ओलांडणे तांत्रिकदृष्ट्या जमले, तरी ज्याने विश्वासाने आपला आवाज दिला त्याच्यावर तो अन्याय होईल.

जात्यावरच्या ओव्यांचेही असेच. गी पॉतवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि २०१७पासून ग्रामीण भारताविषयीच्या 'परी' या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. तिथे त्या राहणारच आहेत, त्यामुळे दुवा जपला तरी पुरे. टॅबच्या रेकॉर्डिंगची खरी गरज असते ती एकदाच होऊन जाणाऱ्या गोष्टींसाठी: आकाशवाणीच्या प्रवाहावरचा एखादा कार्यक्रम, गावच्या कीर्तनाचे थेट प्रक्षेपण, परदेशातल्या मंडळाने ऑनलाइन घेतलेली बैठक.

कायदा याला पूर्ण आडवा नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा निव्वळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी, करू देते. कलम ५२ खासगी वापर आणि संशोधनासाठीच्या रास्त वापराला जागा ठेवते. तेच रेकॉर्डिंग स्वतःच्या चॅनेलवर चढवले की प्रश्न बदलतो. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. पैसे भरून ऐकायच्या काही सेवा तर आवाजाला कुलूप लावून पाठवतात, आणि तिथे टॅबच्या रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतता येऊ शकते. २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणे गुन्हा आहे.

आणि फाईल तयार झाली की तिला 'रेकॉर्डिंग १' या नावाने सोडू नये. तारीख, कार्यक्रम, बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि कुठल्या पानावरून घेतले, एवढे त्याच रात्री फाईलच्या नावात किंवा सोबतच्या छोट्या टिपणात लिहावे आणि एक प्रत पेनड्राइव्हवर काढावी.